भिंत कुणाच्या तरी घराची असते

१९२७ साली आयल ऑफ मॅन बेटावरच्या कर्क मायकल गावापाशी आर्ची बर्किन नावाचा तरुण मोटरसायकलस्वार शर्यतीचा सराव करत होता. समोरून मासळीची गाडी आली. तिला चुकवायला गेला आणि त्यातच त्याचा जीव गेला. गाडीवाल्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. रस्ता सगळ्यांचा होता आणि मासळी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. शर्यतीच्या दिवशी तो रस्ता इतरांना बंद असायचा, पण सराव चालायचा खुल्या रस्त्यावर, ज्याला जे वाटेत येईल त्यातून वाट काढत. बर्किन गेला आणि पुढच्या वर्षापासून सरावालाही रस्ता बंद होऊ लागला. त्या वळणाला आज बर्किन्स बेंड म्हणतात.

या पुस्तकाचा विषय हाच आहे : रोजच्या वापरातला रस्ता काही तासांपुरता बंद करून त्यावर खेळल्या जाणाऱ्या मोटरसायकल शर्यती. टीव्हीवर आपण मोटोजीपी पाहतो, ती वेगळी. तिथला ट्रॅक शर्यतीसाठीच बांधलेला असतो. वळणाच्या बाहेर खडीचं मैदान असतं, त्यापलीकडे हवेच्या गाद्या असतात. रायडर ताशी दोनशे किलोमीटरने घसरत जातो, उठतो, हेल्मेटवर हात मारतो आणि चिडून चालायला लागतो. सार्वजनिक रस्त्यावर ही सोय नाही. तिथे वळणाच्या बाहेर चर्च असतं, टपालपेटी असते, विजेचा खांब असतो, कुणाच्या तरी बागेची दगडी भिंत असते. ती भिंत हलवता येत नाही, कारण तिच्यामागे माणूस राहतो. माझ्या मते या खेळाबद्दलच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. पुढे या प्रस्तावनेत मी जे काही लिहितो आहे ते या एका भिंतीभोवतीच फिरणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आयल ऑफ मॅन हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे. आकाराने आपल्या मुंबईपेक्षा थोडं लहान, वस्ती सुमारे ८४ हजार, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असलं तरी ते ब्रिटनचा भाग नाही. त्याची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड नावाची, आणि ती हजार वर्षांहून जुनी असल्याचा तिथल्या लोकांना अभिमान आहे. ही राज्यशास्त्राची माहिती इथे उगाच दिलेली नाही. १९०३ साली ब्रिटनने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. रस्त्यावर शर्यत घेण्याचा प्रश्नच उरला नाही. मग इंग्लंडच्या मोटारवाल्यांनी बेटाकडे मोर्चा वळवला. टिनवाल्डने १९०४ मध्ये कायदा करून रस्ते बंद करण्याची मुभा दिली. आधी मोटारी आल्या, त्यांच्यामागून फटफट्या, आणि २८ मे १९०७ रोजी पहिली टूरिस्ट ट्रॉफी म्हणजे टीटी शर्यत झाली. म्हणजे जगातली सर्वांत धोकादायक समजली जाणारी ही शर्यत मुळात कायद्याच्या एका फटीतून जन्माला आली.

त्या पहिल्या शर्यतीची गंमत अशी की तिचा उद्देश वेग हा नव्हताच, निदान कागदावर तरी नव्हता. नावातच टूरिस्ट होतं. सामान्य माणसाने प्रवासाला घ्यावी अशी गाडी कुणाची, हे ठरवायचं होतं. मडगार्ड हवं, सायलेन्सर हवा, बसायला नीट सीट हवी. शिवाय पेट्रोलचं मोजमाप होतं : एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला किमान ९० मैल दिले पाहिजेत आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न त्या शर्यतीच्या पायातच होता. चार्ली कॉलियरने मॅचलेस गाडीवर ताशी ३८ मैलांच्या सरासरीने ती जिंकली. जुळ्या सिलिंडरच्या गटात रेम फाउलर पहिला आला, त्याची गाडी होती नॉर्टन. तीच नॉर्टन कंपनी २०२० मध्ये चेन्नईच्या टीव्हीएसने विकत घेतली.

१९११ मध्ये शर्यत डोंगराच्या रस्त्यावर गेली आणि तिला आजचं रूप मिळालं. त्याच वर्षीच्या सरावात व्हिक्टर सरिज ग्लेन हेलनपाशी मरण पावला. त्या मार्गावर मरण पावलेला तो पहिला स्वार.

तो मार्ग डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हे पुस्तक कळणार नाही, म्हणून एक फेरी इथेच मारून घेऊ. एक फेरी म्हणजे ३७.७३ मैल, जवळपास ६१ किलोमीटर. वळणं दोनशेहून जास्त. सुरुवात डग्लस शहरातल्या ग्लेनक्रचरी रोडवरून. सगळे एकदम सुटत नाहीत, दर दहा सेकंदांनी एक सुटतो. स्टार्टर खांद्यावर थाप मारतो आणि माणूस जातो. स्पर्धा घड्याळाशी असते, पुढे दिसणाऱ्या गाडीशी नसते, निदान नसावी. प्रेक्षकांच्या स्टँडसमोर धावफलक आहे आणि धावफलकाच्या मागे शहराची दफनभूमी. ही रचना कुणी मुद्दाम केलेली नाही, पण तिथे गेलेला प्रत्येक पत्रकार ती लिहितोच, तेव्हा मीही लिहून मोकळा होतो.

मिनिटाच्या आत ब्रे हिल लागतो. हा घरांच्या दोन रांगांमधून खाली उतरणारा सरळ उतार आहे. एरवी तिथून बस जाते, मुलं शाळेतून येतात. त्या उतारावरून गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने खाली येते. तळाशी रस्ता एकदम सपाट होतो तेव्हा शॉकअप पूर्ण दबतात, गाडीचं पोट डांबराला घासतं, ठिणग्या उडतात. फुटपाथच्या कडेला, बागेच्या भिंतीआड, घरमालक चहाचा कप घेऊन उभा असतो. पुढे युनियन मिल्स, क्रॉस्बी, मग झाडांच्या बोगद्यातून ग्लेन हेलन. झाडांखाली एक पंचाईत असते. बाकीचा रस्ता सुकला तरी तिथली ओल जात नाही. उन्हाच्या पट्ट्यातून सावलीत आणि सावलीतून उन्हात असं क्षणाक्षणाला होत राहतं, आणि डोळ्यांना तेवढी सवड मिळत नाही. संध्याकाळच्या सरावात तर मावळतीचं ऊन थेट तोंडावर.

बॅलॉ गावात जुना कमानीचा पूल आहे, उंटाच्या पाठीसारखा. तिथे गाडीची दोन्ही चाकं जमीन सोडतात. मागचं चाक आधी टेकलं पाहिजे. पुढचं आधी टेकलं तर हँडल हातातून जातं. ऑस्ट्रियाचा कार्ल गाल १९३९ च्या सरावात इथेच बॅलॉपाशी पडला आणि गेला. पुढे सल्बीचा सरळ पट्टा. इथे सर्वांत वेगवान गाड्या ताशी ३२० किलोमीटरला पोचतात, म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. पापणी लवेपर्यंत माणूस पंचवीस-तीस मीटर पुढे गेलेला असतो. हा पट्टा नकाशावर सरळ दिसतो, पण खेड्यातला रस्ता तो. डांबर ओबडधोबड, गाडी हातात थरथरत असते आणि रायडर सांगतात की नजर स्थिर ठेवणं हेच तिथलं काम. मग रॅम्झी, तिथून चढ, आणि डोंगर.

डोंगरावर झाडं नाहीत, घरं नाहीत, वारा आहे. चारशे मीटरच्या आसपास उंची, पण समुद्र सगळीकडून जवळ असल्याने धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. मांक्स, म्हणजे या बेटावरच्या, लोककथेत मनानान नावाचा समुद्रदेव आपलं घोंगडं बेटावर पांघरतो आणि शत्रूला बेट दिसेनासं करतो. शर्यतवाल्यांना या घोंगड्याचा वेगळाच हिशेब असतो. रायडरला दिसेल का, हा एक प्रश्न. हेलिकॉप्टर उडेल का, हा दुसरा. जखमीला उचलून रुग्णालयात नेणारं हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर शर्यत सुरू होत नाही. म्हणून खाली डग्लसला लख्ख ऊन पडलेलं असताना हजारो माणसं तासन्‌तास भिंतींवर बसून राहतात आणि रेडिओवर एकच वाक्य ऐकतात : डोंगरावर धुकं आहे. बंगलो नावाच्या ठिकाणी तर डोंगरी रेल्वेचे रूळ रस्ता ओलांडून जातात. रेल्वे फाटकावरून दुचाकी नेताना पावसात काय होतं, हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

ही सगळी फेरी पीटर हिकमनने २०२३ मध्ये १६ मिनिटं ३६ सेकंदांत पूर्ण केली. सरासरी वेग १३६.३५८ मैल, म्हणजे ताशी साधारण २१९ किलोमीटर. मोठी शर्यत, म्हणजे सीनियर, अशा सहा फेऱ्यांची. पावणेदोन तासांच्या आसपास माणूस त्या गाडीवर असतो, दर दोन फेऱ्यांनी पेट्रोलला थांबतो, तेवढाच काय तो श्वास.

हा रस्ता डोळ्यांनी चालवता येत नाही, पाठ असावा लागतो. पुढचं वळण दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. टेकाडाच्या पलीकडे रस्ता डावीकडे जातो हे माहीत असल्याच्या भरवशावर गाडी आधीच डावीकडे झुकवायची असते. म्हणून नवख्याला नारिंगी जाकीट घालायला लावतात, त्याला बसमधून फेऱ्या मारवतात, चित्रफिती दाखवतात, पहिली फेरी मार्शलच्या मागे हळू काढायला लावतात. मार्ग नीट अंगात मुरायला तीन-चार वर्षं लागतात असं जाणकार सांगतात. आणि तरी, पाठ झाल्यावरच खरी भीती सुरू होते असं मला वाटतं. रिचर्ड क्वेल, ज्याला सगळे मिल्की म्हणतात, हा बेटाचाच मुलगा. टीटी जिंकलेला. रस्ता पायाखालचा. २००३ मध्ये एका डाव्या वळणावर त्याचा खांदा कडेच्या दगडाला लागला. नुसता खांदा. गाडीचा चुराडा झाला आणि तो रस्त्यावर फेकला गेला. तो वाचला हे नवल. नंतर तोच नवख्यांना मार्ग शिकवू लागला. वळणाच्या आतल्या बाजूने डोकं भिंतीवरून वीतभर अंतराने न्यायचं, हे त्या रस्त्यावरचं कौशल्य मानलं जातं. बांधीव ट्रॅकवर वीतभर चुकलात तर पांढरी-लाल पट्टी लागते.

आता आकड्यांकडे. १९११ पासून या डोंगरी मार्गावर, टीटी आणि तिच्या धाकट्या भावंडाचा म्हणजे मांक्स ग्रां प्रीचा हिशेब धरून, २६० हून अधिक स्पर्धक मेले आहेत. १९७० च्या टीटीत सहा गेले, २०२२ मध्ये पुन्हा सहा. २०२२ च्या सहांमध्ये साइडकारवरची एक बाप-लेकाची जोडी होती. त्याच वर्षी दुसऱ्या एका साइडकारच्या अपघातात दोघांपैकी मेला कोण आणि रुग्णालयात कोण, याची अदलाबदल झाली. एका घरी चुकीचा शोक पोचला, दुसऱ्या घरी चुकीची आशा, आणि काही दिवसांनी ती चूक दुरुस्त करावी लागली. शेवटी दुसऱ्याचाही मृत्यू झाला. या प्रकरणावर मला याहून जास्त काही लिहवत नाही.

एवढं होऊनही टीटी कधी थांबली? दोन महायुद्धांत थांबली. २००१ मध्ये ब्रिटनमधल्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाला, तो बेटावर येऊ नये म्हणून थांबली. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनासाठी थांबली. स्पर्धकांच्या मृत्यूमुळे अख्खी टीटी रद्द झाल्याचं एकही वर्ष नाही. गुरांसाठी थांबली हे मी उपहासाने लिहीत नाही. गुरं पाळणाऱ्या बेटाचा तो शहाणा निर्णय होता. पण कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही, याची त्या समाजाच्या मनातली वर्गवारी त्यातून कळते.

शर्यत बंद पाडण्याच्या सर्वांत जवळ कोण आलं असेल तर ते बाहेरचे आंदोलक नव्हते, खुद्द रायडर होते. १९४९ पासून टीटी ही जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली ब्रिटनची फेरी होती. विश्वविजेता व्हायचं तर बेटावर यावंच लागे. १९७२ मध्ये इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती पावसात डोंगरावरच्या व्हरांडा नावाच्या वळणावर पडून मेला. तो जाकोमो आगोस्तिनीचा मित्र. त्यानंतरची सीनियर शर्यत आगोस्तिनीने धावून जिंकली आणि मग जाहीर केलं की आता पुन्हा इथे येणार नाही. दहा टीटी जिंकलेला, पुढे पंधरा विश्वविजेतेपदांचा धनी झालेला माणूस हे म्हणत होता. त्याला घाबरट म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ब्रिटिश स्वार बॅरी शीनचंही तेच. १९७१ मध्ये एकदा धावला, पडला आणि पुढे आयुष्यभर टीटीवर टीका करत राहिला. हाच शीन १९७५ मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर भयानक वेगात पडून हाडं मोडून घेतो आणि काही आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसतो. म्हणजे यांचा आक्षेप धोक्याला नव्हता. ज्या धोक्यावर आपलं कौशल्य चालत नाही आणि जो करारातून गळ्यात मारला जातो, त्याला होता. १९७६ नंतर टीटी मालिकेतून वगळली गेली आणि फेरी सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर गेली.

मला विचाराल तर टीटीच्या बाजूने झालेला हा सर्वांत चांगला निर्णय. त्या दिवसापासून तिथे येणारा प्रत्येक जण स्वतःच्या मर्जीने येतो. सगळे म्हणाले, आता संपली. १९७८ मध्ये टीटीचा जुना विजेता माइक हेलवुड अकरा वर्षांनी परतला, वय ३८, डुकाटीवर बसला आणि जिंकला. गर्दी परत आली.

हेलवुडचं नाव निघालं की एक युक्तिवाद हमखास येतो. एवढा टीटीतून सुखरूप सुटलेला माणूस, तो १९८१ मध्ये मुलांना घेऊन मोटारीने खाणं आणायला निघाला आणि एका ट्रकवर आदळून गेला, सोबत लहान मुलगीही गेली. तेव्हा मरण कुठेही येतं, टीटीलाच का दोष? आपल्याकडचे मोटरसायकलप्रेमी त्याला देशी पुरवणी जोडतात : भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, मग तिकडच्या सहांचं काय घेऊन बसलात? हा युक्तिवाद मला पटत नाही. आपल्याकडे रोज कोट्यवधी माणसं दुचाकीवर निघतात, तिकडे दोन आठवड्यांत काही डझन. भागाकार न करता अंश तेवढा दाखवायचा, असा हा हिशेब आहे. आपल्या रस्त्यांवरची माणसं दूध आणायला, कामावर जायला निघालेली असतात. धोका त्यांनी मागितलेला नसतो. दोन वेगळी दुःखं एका तराजूत घालून दोन्ही हलकी करण्याचा हा प्रकार आहे.

उलट बाजूचं एक वाक्यही मला तितकंच खटकतं : ‘आवडीचं काम करता करता गेला.’ प्रत्येक अंत्ययात्रेत ते कुणी तरी म्हणतं. जाणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो, उरलेल्यांना धीर मिळतो, म्हणून म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण पुस्तकात, लेखात, माहितीपटात ते आलं की पुढचा प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

उत्तर आयर्लंडच्या बॅलिमनी गावातल्या डनलॉप कुटुंबाची गोष्ट या वाक्याने मिटवता येत नाही. जोई डनलॉप हा अबोल, सिगारेट ओढणारा, गावात पब चालवणारा माणूस. २६ टीटी जिंकला. शर्यत नसली की व्हॅनमध्ये कपडे आणि खाणं भरून एकटाच रोमेनिया, बोस्नियाच्या अनाथालयांकडे निघायचा. २००० च्या जूनमध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, एकाच आठवड्यात तीन टीटी जिंकला. पुढच्याच महिन्यात एस्टोनियात टॅलिनजवळ पावसात, रस्त्याकडेच्या झाडांमध्ये त्याचा शेवट झाला. भाऊ रॉबर्ट २००८ च्या मे महिन्यात नॉर्थ वेस्ट २०० शर्यतीच्या सरावात गेला. दोन दिवसांनी त्याची दोन्ही मुलं त्याच शर्यतीच्या स्टार्टला येऊन उभी राहिली. विल्यमची गाडी सरावफेरीतच बंद पडली. मायकल धावला आणि जिंकला. २०१८ मध्ये विल्यम आयर्लंडमधल्या स्केरीज शर्यतीच्या सरावात गेला. २०२४ मध्ये मायकलने काकाचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला. तिकडचे वर्तमानपत्रवाले याला घराण्याचा वारसा म्हणतात. मी ही नावं आणि सालं ओळीने मांडली आणि पुढे काय लिहावं ते मला सुचलं नाही. मायकलला कुणी जबरदस्ती केलेली नाही आणि त्याला अडवण्याचा अधिकारही कुणाला नाही. पण ज्या घरात बाप, काका आणि भाऊ असे गेले, तिथे मर्जी या गोष्टीचा अर्थ आपण बाहेरून कितपत लावू शकतो?

मर्जीचा प्रश्न रायडरपाशी संपतही नाही. रस्ता बंद करायला शेकडो मार्शल लागतात आणि ते स्वयंसेवक असतात, सुट्टी टाकून येतात. वळणावळणावर झेंडे घेऊन, भिंतीच्या मागे, पडलेल्या माणसाकडे पहिले धावतात तेच. कोपऱ्यांवर पुरेसे मार्शल भरले नाहीत तर रस्ता बंद होत नाही. २००७ च्या सीनियर शर्यतीत २६ व्या मैलापाशी एका रायडरबरोबर दोन प्रेक्षकही मेले. त्यानंतर प्रेक्षकांना मनाई असलेल्या जागा वाढल्या. डॉक्टर जॉन हाइंड्स हे उत्तर आयर्लंडचे भूलतज्ज्ञ. शर्यतीत स्वतः मोटरसायकलवरून रायडरांच्या मागोमाग जायचे, म्हणजे अपघात झाला की मिनिटभरात जखमीच्या श्वासनलिकेपाशी डॉक्टर हजर. २०१५ मध्ये स्केरीजला हेच काम करताना ते स्वतः पडून गेले. त्यांनी उत्तर आयर्लंडसाठी हवाई रुग्णवाहिका मागितली होती. ती त्यांच्या मागून सुरू झाली.

आणि २०१८ मध्ये तर धोका रस्त्याचाही नव्हता, कारभाराचा होता. सरावात एक रायडर मरण पावल्यावर बाकीच्यांना उलट दिशेने परत पाठवलं गेलं. त्याच वेळी अधिकाऱ्यांना घेऊन अपघाताच्या जागी निघालेली मोटार वेगाने समोरून आली. एका रायडरची तिच्याशी समोरासमोर धडक झाली, तो जबर जखमी झाला. एक्क्याण्णव वर्षांपूर्वीच्या मासळीच्या गाडीनंतर पुन्हा समोरून वाहन, तेही बंद रस्त्यावर. त्यानंतर नियम बदलले. गेल्या काही वर्षांत गाड्यांवर जीपीएस आलं, विजेवर चालणारे लाल फलक आले, नवख्यांची निवड कडक झाली, खांबांना आणि कोपऱ्यांना गाद्या बांधल्या गेल्या. यातून जीव वाचतात, यात शंका नाही. या सुधारणांमुळे टीटी सुरक्षित झाली असं जो म्हणेल त्याच्यावर मात्र मी विश्वास ठेवणार नाही. गाद्या बांधायच्या तर साठ किलोमीटरच्या दोन्ही बाजूंना बांधाव्या लागतील.

मग बेट हे का करतं? पैसा, हे अर्धं उत्तर. चांगल्या वर्षी चाळीस हजारांच्या आसपास पाहुणे येतात, बोटी भरतात, लोक आपल्या घरातल्या खोल्या भाड्याने देतात. गाड्यांच्या कंपन्यांचंही भलं झालं. १९५४ मध्ये सोइचिरो होंडाने टीटीत उतरण्याचा निर्धार जाहीर केला तेव्हा त्याच्या कंपनीला जपानबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. १९५९ मध्ये होंडाच्या गाड्या आल्या आणि १२५ सीसी गटात सांघिक बक्षीस घेऊन गेल्या, १९६१ मध्ये हेलवुडने होंडावर शर्यती जिंकल्या. आपल्या गल्लीतल्या होंडाचा जागतिक लौकिक असा या रस्त्यावरून सुरू झाला. भारताचाही एक धागा इथे आहे. २००९ मध्ये विजेवरच्या मोटरसायकलींची पहिली शर्यत टीटीच्या मार्गावर झाली, ती अग्नी नावाच्या गाडीने जिंकली. तिच्या मोटारी बनवणारी अग्नी कंपनी गुजरातेतली.

उरलेलं अर्धं उत्तर पैशात मोजता येत नाही. मांक्स माणसाला विचारलं तर तो सांगतो, जग आम्हाला या दोन आठवड्यांमुळे ओळखतं. शर्यत सुरू असताना मार्गाच्या आतल्या बाजूला राहणारी माणसं अडकून पडतात, दवाखान्याचे, किराण्याचे बेत आधी आखतात. तक्रार करणारे आहेत, पण थोडे. शेवटचा रायडर गेल्यावर ‘रस्ता खुला’ असा फलक लावलेली मोटार फिरते आणि काही मिनिटांत त्याच डांबरावरून बस धावू लागते.

या पुस्तकाचे तरुण वाचक महाराष्ट्रात बरेच असणार, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मोबाइलवर टीटीच्या चित्रफिती पाहून रात्री पश्चिम द्रुतगती महामार्गावर किंवा ताम्हिणी घाटात गाडी पिळणारे कमी नाहीत. चित्रफितीत बंद रस्ता दिसत नाही, मार्शल दिसत नाहीत, थांबलेलं हेलिकॉप्टर दिसत नाही. समोरून एसटी येणार नाही, एवढी एक खात्री हिकमनला असते. ती घाटात नसते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावायला मनाई करतं. म्हणजे संमतीचा दरवाजा कायद्याने ठेवला आहे. २०२४ मध्ये चेन्नईत शहरातल्या रस्त्यांवर मोटारींची रात्रीची शर्यत झाली तीही सरकारच्या पुढाकारानेच. उद्या कुणी सह्याद्रीतल्या एखाद्या घाटात मोटरसायकलींसाठी अशी परवानगी मागितली तर माझं मत विरोधात पडेल. शंभर वर्षं चुकत शिकलेली यंत्रणा मागवून घेता येत नाही, आणि तिथवर पोचायला त्यांना किती माणसं लागली ते वर आलंच आहे.

युरोपातही हा खेळ आक्रसतो आहे. बार्सिलोनाचा मॉन्टजुइक १९८६ नंतर बंद झाला. २०२३ च्या सुरुवातीला तर आयर्लंडमधल्या रस्त्यावरच्या बहुतेक शर्यती एका झटक्यात रद्द व्हायच्या बेतात होत्या, आणि कारण होतं विम्याचा हप्ता. लोकांनी वर्गणी काढून काही शर्यती वाचवल्या. संसदेत वाद होऊन किंवा न्यायालयात निकाल लागून या शर्यती संपतील असं मला वाटत नाही. एखाद्या वर्षी विमा कंपनी सही करणार नाही, आणि मग जाहिरातीशिवाय, भाषणांशिवाय त्या संपतील. बेटाची गोष्ट वेगळी, तिथे सरकारच पाठीशी आहे.

लेखकाने या पुस्तकात बाजू घेतलेली नाही. मी वर घेतली आहे, ती माझी. त्याने वळणांच्या क्रमाने प्रकरणं लावली आहेत, सालांच्या क्रमाने नाही, त्यामुळे १९११ आणि २०२२ कधी कधी एकाच पानावर भेटतात. सुरुवातीला गोंधळ होतो, मग सवय होते. वेगाचे आकडे मैलांतच ठेवले आहेत, कारण तिकडे १०० मैलांची फेरी, १३० मैलांची फेरी हेच टप्पे मानतात : पहिली बॉब मॅकिन्टायरने १९५७ मध्ये मारली, दुसरी जॉन मॅकगिनेसने २००७ मध्ये. किलोमीटर हवे असतील तर १.६ ने गुणावं. नकाशा मलपृष्ठाच्या आत आहे. तो उघडा ठेवूनच वाचावं, विशेषतः ग्लेन हेलनचं प्रकरण.